तुम्ही विचारलंत म्हणून: आडनाव कुणी बदललं?

‘सासरचं आडनाव पोलिश ना, मग शेवटचं “स्की” कुठे गेलं? एलिस आयलंडवरच कापलं असणार!’ नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ काढायला बसले तेव्हापासून भारतातले नातेवाईक हे विचारतात आणि इथले अमेरिकन शेजारीही. सासऱ्यांची तर त्यावर श्रद्धाच आहे.

तिथे, म्हणजे बोटीने अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या न्यूयॉर्क बंदरातल्या बेटावर, कुणी कापलं नाही. एलिस आयलंडवरचे कारकून नावं नव्याने लिहून घेत नसत. बोट सुटायच्या बंदरातच कंपनीने प्रवाशांची यादी केलेली असे, ती समोर धरून ते माणसं पडताळत. त्या यादीत आमचं आडनाव ‘स्की’सकट आहे. १९१० च्या अमेरिकन जनगणनेतही आहे, स्पेलिंग भलतंच. १९२० मध्ये मात्र ‘स्की’ गायब. म्हणजे कापलं ते घरच्यांनीच, नाहीतर दारात उभ्या प्रगणकाने ऐकलं तसं लिहिलं.

जन्मस्थानाच्या रकान्यात नुसतं ‘रशिया’. बरोबरच आहे, ते देश सोडून निघाले तेव्हा पोलंड नकाशावर नव्हताच. पण एवढ्यावरून गाव कसं शोधणार? १९२० च्या तक्त्यात नागरिकत्व मिळाल्याचं वर्ष विचारलेलं आहे. ते धरून नागरिकत्वाचा अर्ज काढला आणि त्यात गाव सापडलं, बोटीचं नावसुद्धा. असे तपशील १९०६ नंतरच्या अर्जांत मिळतात, त्याआधीच्यांत बहुतेक वेळा नाही.

वयांवर मात्र विसंबू नका. नवऱ्याची पणजी १९१० मध्ये ३१ वर्षांची, १९२० मध्ये ३८, १९३० मध्ये ४५. आपल्याकडच्या १ जूनच्या जन्मतारखांवर वाढलेल्या मला त्याचं काही वाटलं नाही. १९४० मध्ये ती एकदम ६१! त्या वर्षी माहिती ज्याने दिली त्याच्या नावापुढे प्रगणकाने वर्तुळात फुली मारायची होती. फुली थोरल्या लेकीपुढे आहे. दार तिने उघडलं आणि आईचं खरं वय सांगून टाकलं.

(जनगणनेचे कागद ७२ वर्षं बंद असतात. १९५० चे २०२२ मध्ये खुले झाले, तेव्हा सासरे दोन वर्षांचे होऊन त्यात सापडले. आठवडाभर येईल त्याला दाखवत होते.)

१९१० च्या तक्त्यात बायकांना आणखी एक प्रश्न होता: मुलं किती झाली, आता हयात किती. पणजीपुढे लिहिलंय ७ आणि ४. घरात तिचं प्रार्थनापुस्तक आहे, कातडी बांधणीचं, कणा निखळलेला. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मुलांच्या जन्मतारखा आहेत, काहींपुढे छोटा क्रूस. १९१० पर्यंतच्या तारखा मी भिंग घेऊन तीनदा मोजल्या. सहाच भरतात, क्रूस दोन.

सासरे म्हणतात, शेजारणीने काहीतरी ठोकून दिलं असेल. असेलही, त्या वर्षी फुली मारायची पद्धत नव्हती. पण वंशावळीत मी सातवा चौकोन काढला आहे आणि सासऱ्यांनीही तो अजून खोडायला सांगितलेला नाही.