कृष्णाकाठची पहाट: आधी पाणी, मग लूर

फेब्रुवारी अखेर. सांगली.

पाणी उतरलंय. बंधाऱ्याला बरगे घातलेले असल्याने वरच्या अंगाला फुगवटा आहे आणि धार जवळजवळ थांबली आहे. गढूळपणा गेलाय, हातभर खोल सोडलेला पांढरा लूर (गळ लावलेलं खोटं आमिष) नीट दिसतो. जलपर्णीचे पट्टे काठाला लागलेत आणि त्यांच्यामध्ये ताटाएवढ्या, परातीएवढ्या मोकळ्या जागा आहेत. मरळ याच जागांवर असते. थंडी पहाटेपुरती उरली आहे, दुपारी उथळ पाणी तापतं आणि मासा काठाकडे सरकतो. इथून पुढे एप्रिलपर्यंतचे दिवस काठावरून लूर टाकणाऱ्याला सगळ्यात चांगले.

सूर्य सध्या पावणेसातनंतर उगवतो. काठावर सव्वासहाला असायला हवं, कारण उगवतीच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं पुढच्या दोन तासांपेक्षा मोलाची. मात्र त्या वीस मिनिटांतली पहिली पाच नुसती बघण्यात घालवावीत. रॉड जोडून तयार, पण लूर बांधलेला नाही. डबा आधी उघडला की हात आवडत्या लूरकडेच जातो आणि मग पाण्याकडे लक्ष राहत नाही.

बघायचं काय, तर मरळीचा श्वास. मरळ कल्ल्यांवर भागवत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते आणि ठरावीक वेळाने तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. पाणी तापलं की हे जास्त वेळा होतं. वर येताना ती फार खळबळ करत नाही: एक ‘गळप्’ असा आवाज, एक वर्तुळ, मागे दोन-चार बुडबुडे. चिलापी उडाली तर पाणी फुटतं, वर्तुळ वेडंवाकडं होतं. कटला किंवा रोहू वर आला तर पाठ दिसते. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं, कारण मरळ आपली जागा सहसा सोडत नाही. वर्तुळ दिसल्याबरोबर त्यावर लूर आपटायचा नाही. हवा घेतली की ती खाली वळते, त्या क्षणी डोक्यावर काही पडलं तर बिथरते. अर्धा-एक मिनिट थांबून वर्तुळाच्या पलीकडे तीन-चार फुटांवर टाकावा आणि त्या जागेवरून ओढत आणावा.

बाजारात मिळणारे बहुतेक लूर अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास माशाच्या सवयी बघून घडवलेले आहेत. तिकडे बासचं वेड एवढं की जॉर्जियात १९३२ मध्ये धरलेल्या २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे दहा किलोच्या माशाचं नाव अजून घेतात. त्याची बरोबरी झाली ती थेट २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात. आपल्या कृष्णेत बास नाही. मरळही बाससारखीच दबा धरून बसणारी आहे, म्हणून त्याच डब्यातले लूर इथे चालतात. पण वापरायची रीत जशीच्या तशी उचलली तर मासे सुटत राहतात. बास तोंड उघडून पाण्यासकट लूर आत ओढून घेतो. मरळ आधी मारते आणि दातांनी धरते. गवताखालून धडक दिली तेव्हा लूर तिच्या तोंडात असेलच असं नाही, बऱ्याचदा तो पानावर उडालेला असतो. म्हणून आवाज ऐकून झटका द्यायचा नाही. रॉडचं टोक पाण्याकडे खाली, ढिली लाईन भराभर गुंडाळायची, वजन हाताला लागलं की मगच वरच्या दिशेने जोरदार झटका. यात एक-दोन सेकंद जातात आणि तेवढे जाऊ द्यावेत. जोर मात्र कमी नको, कारण मरळीचा जबडा हाडकाचा असतो. मऊ रॉडने गळ रुतत नाही, नुसता घासतो.

म्हणून रॉड सात फुटी, मीडियम-हेवी. रीळ ३००० किंवा ४००० नंबरचं. ब्रेडेड (विणलेली) लाईन ३० पौंडी, दाट जलपर्णीत ५० पौंडी. स्पूलवर (रिळाच्या चकरीवर) आधी साध्या तंगुसाचे (नायलॉनच्या एकेरी लाईनचे) आठ-दहा वेढे घालावेत, नाहीतर गुळगुळीत धातूवर अख्खी ब्रेडेड लाईन गरगर फिरते आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) बिघडल्यासारखं वाटतं. पुढे दीड-दोन फूट तंगुसाचा लीडर, ३० ते ४० पौंडी. दात आणि दगड दोन्ही तिथेच घासतात. ब्रेडला साधी गाठ सरकते. लूरला पालोमार गाठ, लीडरला दोन युनी गाठी समोरासमोर, ब्रेडच्या बाजूने वेढे जास्त. आवळण्याआधी गाठ ओली करायची. मोकळ्या पाण्यात ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव भागाला सुटेल असा ठेवावा, ३० पौंडीला साधारण तीन-साडेतीन किलो. फ्रॉग, म्हणजे बेडकासारखा लूर, टाकताना ड्रॅग जवळजवळ बंद, कारण मासा जलपर्णीच्या मुळांत शिरला की वेढे पडतात आणि मग ओढताना माशाऐवजी गवतच येतं.

आता फ्रॉग. पोकळ रबरी बेडूक, पाच-सहा सेंटिमीटर लांब, दहा ते पंधरा ग्रॅम, दोन्ही गळ पाठीला चिकटून वर तोंड केलेले. विकत घेताना एकच परीक्षा: अंगठ्याने दाबला तर शरीर सहज बसलं पाहिजे आणि गळाची टोकं बाहेर आली पाहिजेत. कडक फ्रॉग कितीही देखणा असला तरी माशाच्या तोंडात दबत नाही. पहाटेच्या गारव्यात रबर आणखी ताठरतं, म्हणून बांधण्याआधी मुठीत धरून ऊब द्यावी. गळाची टोकं पक्कडीने केसभर बाहेर वळवली तर मासा गळाला लागण्याची शक्यता वाढते, जास्त वळवली तर प्रत्येक फेकीला पान अडकतं. पाच-सहा फेकींनंतर पोटात पाणी भरतं, फ्रॉगचं बूड खाली जातं आणि तो नाचेनासा होतो. दाबून पाणी काढायला विसरू नये. मरळ येत नाही असं वाटतं त्यातल्या बऱ्याच वेळा फ्रॉग नुसता भरलेला असतो.

अंधुक उजेडात काळा किंवा गडद तपकिरी. खालून बघणाऱ्या माशाला फिकट आभाळावर गडद आकार ठळक दिसतो, रंगाचा तपशील दिसत नाही. फ्रॉग मोकळ्या जागेपलीकडच्या पानावर टाकावा, तिथून टुणकन् पाण्यात उतरवावा आणि त्या मोकळ्या जागेत थांबवावा. वर्तुळ विरेपर्यंत थांबणं अवघड जातं, पण घाव बहुतेक वेळा त्याच थांबण्यात पडतो. नंतर ढिल्या लाईनवर रॉडच्या टोकाने बारीक ठोके. लाईन ताणलेली असेल तर फ्रॉग सरळ घसरत येतो, डुलत नाही.

दुसरा प्रकार जंप फ्रॉग: छोटं टणक शरीर, मागे जोडगळ आणि एक छोटं फिरतं पातं. हा थांबवायचा नाही, एकसारखा ओढायचा. विरळ गवतावर, चिलापीची पिल्लं उडत असतील तिथे मला तो पोकळ फ्रॉगपेक्षा उजवा वाटतो, कारण गळ मागे असल्याने मागून धरणारी मरळ लागते. दाट जलपर्णीत त्याचा उपयोग नाही, प्रत्येक मुळाला अडकतो.

सात वाजून गेले, उजेड पसरला की वरचा खेळ मंदावतो. सांगली गावाच्या बाजूने उभं राहिलं तर बहुतेक ठिकाणी सूर्य पाठीशी येतो, उंच काठाची आणि झाडांची सावली पाण्यावर बराच वेळ टिकते आणि फ्रॉगला आणखी अर्धा तास मिळतो. तोटा असा की ऊन वर आलं की आपली सावलीही पाण्यात पडते. तेव्हा काठापासून मागे सरकावं किंवा खोडाच्या आड उभं राहावं. सांगलीवाडीच्या बाजूने ऊन डोळ्यांवर येतं, तिथे पोलराइज्ड चष्मा नसेल तर पाण्यातलं काही कळत नाही.

या वेळी स्पिनर, ओढताना पातं गरगर फिरणारा लूर. तीन किंवा चार नंबरचं पातं, आठ ते बारा ग्रॅम. निवळ पाण्यात आणि उन्हात चांदीसारखं, गढुळात सोनेरी किंवा तांबूस. पाण्यात पडल्यावर पातं आपोआप फिरायला लागेल असं धरून चालू नये. एक हलका झटका दिला की रॉडच्या टोकाला थरथर जाणवते, ती जाणवत राहील तेवढाच हळू वेग. त्याहून जोरात ओढलं की स्पिनर वर येतो. स्पिनरने लाईनला पीळ पडतो आणि मग फेकताना रिळावरून गुंतवळ सुटते, त्यासाठी लीडरच्या सुरुवातीला बेअरिंगचा स्विव्हल (फिरती कडी) लावावा. गवताच्या कडेला समांतर फेकावं. कडेकडून आत आणि मग सरळ आपल्याकडे असं ओढलं तर लूर माशाजवळ जेमतेम क्षणभर राहतो, समांतर फेकीत पूर्ण वेळ.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी खळाळून डोहात शिरतं, तिथे चमचा. हा लूरमधला जुना प्रकार, अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने १८५२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. बारा ते अठरा ग्रॅमचा चमचा धारेच्या आडवा टाकायचा, लाईन ढिली ठेवून तळाकडे पडू द्यायचा. पडतानाच तो पानासारखा हेलकावतो, आणि मासाही तेव्हाच धरतो. म्हणून लाईनवर नजर हवी. पडता पडता ती मध्येच थांबली किंवा बाजूला गेली तर झटका.

पॉपर (पाण्यावर आवाज करणारा लूर) आणि क्रँकबेट (ओढला की खाली जाणारा, पुढे जीभ असलेला लूर) यांना तीन टोकांचे गळ असतात, गवताजवळ ते बाहेर काढूच नयेत. मोकळ्या, दगडाळ काठावर क्रँकबेट चालतो. पुढची जीभ जितकी लांब आणि आडवी तितका तो खोल जातो. आपल्या काठाला एक-दीड मीटरचा पुरे. दगडाला टेकला की ओढणं थांबवायचं, तो तरंगून आपणच सुटतो. घाबरून झटका दिला की गळ दगडात रुतला म्हणून समजावं.

उन्हं चढल्यावर मऊ प्लास्टिकचा मासा. साडेसात सेंटिमीटर, ३/० चा वाकडा ऑफसेट गळ, पुढे पाच-सात ग्रॅमचं गोळीसारखं वजन. गळाचं टोक पाठीतून काढून पुन्हा कातडीखाली लपवायचं. प्लास्टिक सरळ बसलं पाहिजे; वाकडं बसलं तर मासा पोहत नाही, गोल फिरतो. जलपर्णीच्या सावलीच्या कडेला उभा सोडावा. फ्रॉगवर हुकलेली मरळ परत आणायलाही हाच. दुसऱ्या रॉडवर आधीच बांधून ठेवावा आणि अर्ध्या मिनिटात त्याच जागी टाकावा.

मगरीबद्दल स्पष्टच लिहितो. भिलवडी, औदुंबर, आमणापूर या पट्ट्यात आणि सांगलीच्या आसपासही कृष्णेत मगरी आहेत आणि ही त्यांची नदी आहे. अंधारात उतरण्याआधी टॉर्चचा झोत पाण्याच्या पातळीत काठाकाठाने फिरवावा, डोळे तांबूस चमकतात. पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे आणि उंचावर उभं राहावं. वाकून हात धुणं, काठावर मासा साफ करणं, अडकलेला लूर सोडवायला पाण्यात उतरणं, यातलं काहीही नको. लूर तोडून द्यावा, तीनशे रुपयांचाच असतो. फेब्रुवारी ते एप्रिल मादी मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या) मऊ मातीत अंडी घालते आणि जवळच राहते. मातीत घसरल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर ती जागा सोडायची. हिवाळ्यात ऊन पडल्यावर मगरी काठावर येऊन पडतात, म्हणून साडेआठनंतर ओसाड काठाने चालू नये.

भोई मंडळींची जाळी पहाटे पाण्यातच असतात. बाटल्यांचे किंवा थर्माकोलचे तरंगते तुकडे ओळीत दिसले की त्यावरून लूर फेकायचा नाही. बऱ्याच तलाव-बंधाऱ्यांवर मासेमारीचा ठेका दिलेला असतो, आधी विचारून घ्यावं.

जून-जुलैची नोंद आत्ताच करून ठेवतो. पाऊस सुरू झाला की उथळ गवतात तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका पाण्यावर येतो आणि दोन्ही पालक खाली राखण करतात. त्या वेळी मरळ कोणत्याही लूरवर तुटून पडते. भुकेने नाही, पिल्लांसाठी. तिथे लूर टाकू नये. पालक गेले की तासाभरात इतर मासे पुंजका फस्त करतात. उन्हाळ्यात कारखान्याच्या मळीचं पाणी आलं आणि मासे वर येऊन तोंड वासू लागले तरी डबा बंद. तेव्हा पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो. अशा पाण्यात हवेवर तगून राहणारी मरळच बाकी असते, पुढच्या वर्षीचा मासा तिच्यापासूनच होणार.

सोडायच्या माशासाठी गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने चेपून आणावा. लाईन ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि गळ बोटात रुतला तर दवाखाना गाठावा लागत नाही. हात ओले करून पोटाखाली आधार द्यावा. मरळीचे दात बारीक आणि धारदार असतात, तोंडात बोट न घालता लांब पक्कड वापरावी. मरळ हवा घेते म्हणून तिला उन्हातल्या दगडावर ठेवलं तरी चालतं असं नाही. अंगावरचा बुळबुळीत थर सुकला की तिला बुरशी लागते.

घरी आल्यावर फ्रॉग पिळून उघड्यावर वाळवायचे, डब्यात ओले गेले की आतले गळ गंजतात. लीडर नखातून ओढून बघावा, खरखर लागली तर नवा. ब्रेडेड लाईनचे पुढचे दोन मीटर कापून गाठ पुन्हा बांधावी. उद्यासाठी काळा फ्रॉग वरच्या कप्प्यात, क्रँकबेट घरीच.