पासपोर्ट बदलून रांग बदलत नाही

“कॅनडाचं नागरिकत्व घ्या, अमेरिकेचं ग्रीन कार्ड लगेच मिळेल,” हा सल्ला अजूनही येतो. “का घेत नाही?” हेही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

ग्रीन कार्डाची रांग ठरते जन्मदेशावरून. पुण्यात जन्मून कॅनडाचे नागरिक व्हा, नाहीतर गोव्यात जन्मून पोर्तुगालचा पासपोर्ट काढा, तुमची गणती भारतातच. उलट दुबईत राहणाऱ्या मराठी आईबापांचं तिथे जन्मलेलं मूल अमिरातीत मोजलं जातं, पासपोर्ट भारताचा असला तरी. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तो देश जोडीदाराला लावता येतो. मुलाचा जन्मदेश मात्र आईबापांना लावता येत नाही.

नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण 1,40,000 व्हिसा, म्हणजे ग्रीन कार्डं, असतात. त्यातले 28.6 टक्के ईबी-2 चे (उच्च पदवीधरांचा गट), म्हणजे 40,040. एका देशाला 7 टक्के, म्हणून भारताच्या वाट्याला सुमारे 2,800. इतरांचे उरले तरच जास्त. जोडीदार आणि मुलंही त्यातच मोजतात. आइसलँडला मर्यादा हीच.

“मग इतकी वर्षं गप्प का बसलात?” गप्प कोणी बसलं नव्हतं. जून 2007 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनने, म्हणजे कोणाचा नंबर आला हे सांगणाऱ्या मासिक पत्रकाने, जाहीर केलं की जुलैत ईबी-1, ईबी-2, ईबी-3 या नोकरीच्या तिन्ही गटांना खुलं, रांग न पाहता अर्ज करा. लोक मेडिकलसाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे धावले. अर्जाला जन्मदाखला लागतो, आणि जन्माची नोंदच नाही, किंवा नोंदीत बाळाचं नाव नाही, ही आपल्याकडची जुनी अडचण. मग गावाकडून नोंद नसल्याचा दाखला, नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रं, शाळा सोडल्याचा दाखला. आणि 2 जुलैला बुलेटिन फिरवलं: वर्षाचे व्हिसा संपले. अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएस या सरकारी संस्थेने एका महिन्यात जवळपास 60,000 व्हिसा वापरून टाकले होते. तेव्हा लोकांनी गांधीगिरी केली. त्या संस्थेचे तेव्हाचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ते जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवून दिले. 17 जुलैला माघार झाली, 17 ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले.

ज्यांचा आय-485, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, त्या खिडकीत गेला, त्यांना ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं आणि 180 दिवसांनंतर तशाच कामाची दुसरी नोकरी धरता आली. ज्यांचं लेबर सर्टिफिकेट (त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही हा श्रम खात्याचा दाखला) तेव्हा अडकलेलं होतं ते एच-1बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरच राहिले, मुदतवाढीमागून मुदतवाढ मागत. पात्रता तीच, कामही तेच. हे मला आजही पचत नाही.

आणि रांगेची तारीख, म्हणजे कधीपर्यंत रांगेत लागलेल्यांचा नंबर आला ती, पुढेच सरकते असंही नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताची ईबी-2 तारीख 1 डिसेंबर 2014 वरून 1 एप्रिल 2012 वर मागे गेली.

पूर्वी मी म्हणायचे, 7 टक्क्यांची अट काढा, संपलं. आकडे 1,40,000 च ठेवून अट काढली तर पुढची कितीतरी वर्षं बहुतेक व्हिसा आपल्याला जातील आणि फिलिपिन्सची नर्स थांबेल. तिला काय सांगायचं? तरीही अट अन्यायाची आहे असंच मला वाटतं. 2019 मध्ये प्रतिनिधीगृहाने ती काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी संमत केलं. सिनेटने डिसेंबर 2020 मध्ये वेगळा मसुदा संमत केला. दोन्ही जुळले नाहीत, त्या संसदेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं.

दरम्यान मुलं मोठी होतात. 21 च्या आत तारीख आली नाही, तर मुलगी आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. आय-140, म्हणजे मालकाने केलेला अर्ज, मंजुरीसाठी पडून होता तेवढे दिवस तिच्या वयातून वजा होतात, बस. मग तिने स्वतः नोकरी शोधून अर्ज करायचा, आणि ती नागपुरात जन्मलेली असेल तर पुन्हा भारताच्याच रांगेत.