बोटं मोडून गाठी येत नाहीत गं आई

आमच्याकडे वेंगुर्ल्याला नातवंडं मुंबईहून आली की आई आधी पडवीतच त्यांच्या तोंडावरून हात फिरवते आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडते, दिष्ट जाते म्हणून. यावेळी नुसताच हात फिरवला. विचारलं तर बोटं पुढे केली, नखाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी, आणि म्हणाली, "जन्मभर बोटा मोडलंय, म्हणान ह्यो गाठी इल्यो." मला फार वाईट वाटलं, आमच्यावर माया केली त्याची ही शिक्षा असंच ती धरून बसलेली.

मग एक्स-रे काढला आणि घरी खिडकीपाशी धरून दोघांनी बघितला. अंगठ्याला दोन पेरं, बाकी चार बोटांना तीन-तीन, म्हणजे एका हाताच्या बोटांत १४ हाडं, पेरांवर जप मोजणाऱ्या बाईला हे काय सांगायचं! पण मुठीवरचे जे उंचवटे, ज्यावर आपण ३० आणि ३१ दिवसांचे महिने मोजतो, ती बोटांची हाडंच नव्हेत, तळहातातल्या हाडांची टोकं आहेत ती, हे दोघांनाही नवीन होतं. आणि मूठ वळून बोटं फाकवून बघा, फाकतच नाहीत, कारण वाकल्यावर त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध ताणले जातात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तर बोटात नाहीतच, कोपराखाली आहेत, तिथून दोऱ्या आल्यासारखे कंडरा येतात. नारळ खवून झाल्यावर आईचा हात दुखतो तो मनगटाच्या वर, ते म्हणूनच.

आता कडकड आवाजाचं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा ताणला की आत दाब एकदम कमी होतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी होते. हाडावर हाड घासत नाही. तेच बोट लगेच परत मोडलं तर वाजत नाही, पंधरा-वीस मिनिटं जावी लागतात. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरला लहानपणी घरचे हीच भीती घालायचे, तर त्याने साठ वर्षांवर फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस.

आईला अंगर काही पटला नाही. तिला पटलं ते वेगळंच. कानशिलावर बोटं मोडताना वाजतात ती मुळाशी नाहीतर मधल्या सांध्यात, आणि तिच्या गाठी सगळ्या टोकाला. मोडून झाल्या असत्या तर मुळाशी नको होत्या? ती थोडा वेळ हात बघत बसली, मग म्हणाली, "माझ्या आयेच्या बोटांक पण होते."

तेच तर! हा झिजेचा संधिवात. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते, कडेने हाड वाढतं, वयाने होतं, बायकांना जास्त आणि घराण्यातही चालतं. डॉक्टरांनी मुळाचे सांधे दाबून बघितले, सकाळी बोटं तासभर आखडतात का ते विचारलं, म्हणजे संधिवाताचा दुसरा प्रकार नाही ना याची खात्री, तो नाहीये.

सध्या सकाळी कोमट पाण्यात हात, आणि आडाळीवर नारळ खवायला मी.