ठेच्यानं आतडं सुजत नाही, राजेहो

माझं मेडिकल दारव्ह्याकडच्या एका गावात आहे, आणि मूळव्याधीचा मलम मागायला येणाऱ्यांत अधूनमधून एखादा असा निघतोच ज्याला मूळव्याध नसतेच. संडासवाटे रक्त, सोबत आव, मुरडा येतो, रात्री दोनदा उठावं लागतं, वजन उतरलेलं, आणि कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की उष्णता झाली, ताक पी. नात्यातल्या एका पोराचं असंच झालं, शेवटी दुर्बीण टाकली तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार निघाला. त्याची आई मला विचारते, "भाऊ, पोरानं तिखट सोडलं, तेल सोडलं, तरी काऊन असं होऊन राह्यलं?"

तर हे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

तिखटानं आग होते हे खरं, त्रास चालू असताना तर जास्तच. पण या आजारात मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजवतात त्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशी, आणि ही सूज गुदाशयापासून सुरू होऊन वरच्या बाजूला सरकत जाते. आणि या पेशींनी कुठं जायचं, कधी निघायचं हे ठरवण्यात एका चरबीचा मोठा हात असतो. तेलातली चरबी नव्हे हं, स्फिंगोलिपिड. 1884 साली थुडिकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मेंदूच्या अभ्यासात यातला मूळ पदार्थ ओळखला आणि पुढं कित्येक दशकं लोक समजत राहिले की हा नुसता पेशीच्या भिंतीतला माल आहे. तसं नाही. यातलं सिरॅमाइड वाढलं की पेशी मरणाकडं झुकते, त्याच सिरॅमाइडपासून स्फिंगोसिन निघतं, त्याला फॉस्फेट चिकटलं की एस-वन-पी तयार होतं, आणि ते उलट पेशीला जगवतं.

खरी गंमत एस-वन-पीची. रक्तात आणि लसिकेत (पेशींमधून गोळा होऊन परत रक्तात जाणारा पातळ द्रव) ते भरपूर, तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते सोडत असतं, पण लसिकेच्या गाठींच्या (मानेत, काखेत, पोटात या पेशींचे तळ असतात त्या) आत एक एन्झाइम ते फोडत राहतं म्हणून तिथं एकदम कमी. गव्हाणीत सरकीची ढेप टाकली की गुरं वासावर तिकडं ओढ घेतात ना, तशा गाठीतल्या लिम्फोसाइट, म्हणजे त्याच रोगप्रतिकारक पेशी, एस-वन-पी जास्त असेल तिकडं, म्हणजे बाहेर निघतात. त्यांचं नाक म्हणजे पेशीवरचा एक रिसेप्टर, एस-वन-पी ओळखणारा. गाठीत जंतूची ओळख पटली की पेशी तो रिसेप्टर काही दिवस आत ओढून घेते, तिथंच थांबते, वाढते, आणि मग तो परत बाहेर काढून निघते. ही तयार झालेली फौज रक्तातून आतड्यात उतरते. हे सगळं शरीर स्वतः करतं, स्फिंगोलिपिड ते सेरीन नावाचं अमिनो आम्ल आणि एक साधं फॅटी अ‍ॅसिड जोडून घरच्या घरी बनवतं, त्यामुळं फोडणीतलं तेल बंद केल्यानं ही वाट काही बंद होत नाही. (आणि आपलं सोयाबीन? त्यातही स्फिंगोलिपिड असतात, दुधात आणि अंड्यातही असतात, म्हणून कोणी घाबरून दूध सोडू नका.)

आता औषधवाल्यांनी काय केलं, तर ते नाकच बंद केलं. किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतून निघालेल्या पदार्थावर जपानमध्ये काम करता करता फिंगोलिमॉड हाती लागलं, 2010 मध्ये अमेरिकेत ते मल्टिपल स्क्लेरोसिससाठी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात त्या आजारासाठी मंजूर झालं. मग 2021 मध्ये ओझानिमॉड आणि 2023 मध्ये एट्रासिमॉड, हे दोन अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी. या गोळ्या लिम्फोसाइट मारत नाहीत, रिसेप्टर आत ओढायला लावतात, पेशी गाठीतच अडकून पडतात आणि आतड्याकडं जाणारी गर्दी कमी होते. मला तरी हे डोकं फार आवडलं.

आतड्यातले जंतूसुद्धा या खेळात आहेत बरं का. बॅक्टेरॉइडिस जातीचे जंतू स्वतःचे स्फिंगोलिपिड बनवतात आणि उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की ज्या उंदरांच्या पोटात ते न बनवणारे जंतू सोडले, त्यांचं आतडं जास्त सुजलं. म्हणजे चरबी एकाच घराण्यातली, पण कोण बनवतं आणि कुठं बनवतं यावर सगळं अवलंबून.

पण मला दुकानात येऊन कोणी ही गोळी मागू नका. एस-वन-पीचे रिसेप्टर हृदयातही आहेत, सुरुवातीला ठोके मंदावू शकतात, म्हणून आधी ईसीजी काढतात आणि ओझानिमॉडचा डोस तर आठवडाभर चढवत नेतात. रक्तातल्या लिम्फोसाइट कमी झाल्या की इन्फेक्शनची भीती, डोळ्याच्या पडद्याला सूज येऊ शकते, आणि यकृतावरही लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडं टीबी अजून घरोघरी ऐकू येतो, आतड्याचाही होतो, त्यामुळं प्रतिकारशक्ती दाबणारं काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टर तो तपासायला लावतात, आणि ते त्यांनी लावलंच पाहिजे.

त्या पोराला सध्या मेसालामाइन चालू आहे, जुनी साधी गोळी, आणि तिच्यानं त्याचं भागतंय. नवी गोळी लागलीच नाही. आईला मी सांगितलं की आता जरा बरं आहे तर भाकरीसोबत थोडा ठेचा देऊन बघ, सोसला तर देत जा, नाही सोसला तर थांबव. ती म्हणाली, "डॉक्टरले इचारून मगच देतो." म्हटलं, हे बेस.