सहा सिलिंडरांचा मोह

शनिवार, रात्री साडेअकरा

आई आणि लेक दोघी झोपल्या. खाली बाबांची गाडी कव्हरखाली उभी आहे आणि माझ्या मोबाइलमध्ये एका इंजिनाचे सात फोटो आहेत. मुंबईच्या एका माणसाने दुपारी पाठवले. मर्सिडीजचं एम १०४, ३.२ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर. बाहेरून आलेल्या हाफ-कटमधून, म्हणजे अर्ध्या कापून आणलेल्या गाडीतून काढलेलं; वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, यांच्यासकट साडेतीन लाख म्हणतो. मंगळवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.

मला ते हवंय. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचा हिशेब तरी खरा होईल.

गाडी १९९६ ची ई २२०. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या आवारात १२४ या मालिकेच्या गाड्यांची जुळवणी सुरू केली, तिथलीच ही. बाबांनी २००४ साली सेकंड हँड घेतली आणि इंदूरला आणली, तेव्हा लोकमान्यनगरातल्या आमच्या गल्लीत अर्धी गल्ली बघायला जमली होती. बाबांना सगळ्यात कौतुक कशाचं, तर तिच्या एकुलत्या एका वायपरचं. तो काचेच्या कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्यावर आखूड, त्यामुळे एकटाच काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. पावसाळ्यात कुणी पाहुणे आले की बाबा त्यांना पुढच्या सीटवर बसवून वायपर दाखवायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी मी चालवावी ही आईची इच्छा.

मे महिन्यात पुण्याहून परतताना बीजासन घाट चढत होतो. डावीकडे लोखंडाच्या पट्ट्या भरलेला ट्रेलर. मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पुरता दाबला, त्याच्या बरोबरीला आले आणि तिथेच अडकले. इंजिन ओरडत होतं, गाडी पुढे सरकत नव्हती. मागून एक एसयूव्ही डिपर मारत अगदी बंपरला चिकटली. शेवटी मीच पाय काढला आणि पुन्हा ट्रेलरच्या मागे आले. लेक मागे गप्प बसली होती. आई एवढंच म्हणाली, “थकली ग आता गाडी.”

ते वाक्य काही केल्या जात नाही.

आता आकडे. आमचं इंजिन एम १११, चार सिलिंडर, २१९९ सीसी, १५० अश्वशक्ती, टॉर्क २१० न्यूटन-मीटर. गाडीचं वजन साधारण चौदाशे किलो, वर माणसं, सामान, आईच्या लोणच्याच्या बरण्या. फोटोतलं इंजिन २२० अश्वशक्तीचं आणि ३१० न्यूटन-मीटरचं. शिवाय ते परकं नाही. १२४ च्या बॉनेटखाली कारखान्यानेच चार, पाच, सहा आणि पुढे आठ सिलिंडरसुद्धा बसवले. ई ३२० म्हणून हीच गाडी याच इंजिनासकट जर्मनीत विकली गेली. म्हणजे मी दुसऱ्या घरातली सून आणत नाहीये, असं मनाला समजावणं सोपं जातं.

धाकटा भाऊ पुण्याहून डिझेलचा आग्रह धरतोय. ओएम ६०६, तीन लिटरचं टर्बो, मुळात १७७ अश्वशक्तीचं. फिनलंड-स्वीडनकडचे हौशी लोक त्याचा इलेक्ट्रॉनिक पंप काढून जुना यांत्रिक पंप बसवतात आणि दुपटीहून जास्त ताकद काढतात, हे खरंय. पण बाबांची गाडी डिझेलचा खडखडाट करत गल्लीत शिरली तर आईला दारातून ओळखू यायची नाही. तो विषय माझ्यासाठी तिथेच संपला.

कॉम्प्रेसरचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा, मात्र संपत नव्हता. आमच्याच एम १११ घराण्यात २.३ लिटरचं कॉम्प्रेसरवालं इंजिन आहे, १९३ अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर. पहिल्यांदा वाटलं, नुसता कॉम्प्रेसर आणून आहे त्या इंजिनावर चढवला तर? पण कॉम्प्रेसरवाल्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. आमच्या इंजिनात ते बरंच जास्त आहे. त्यात हवा कोंबून भरली तर पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टनवर हातोडे बसणार.

परवा माणिकबाग राजवाड्यावरून येताना इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग गाडी डोक्यात आली. महाराजांनी तिसाच्या दशकात अमेरिकेतून एसजे मॉडेलची चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी बांधून घेतली. साधं जे मॉडेल २६५ अश्वशक्तीचं आणि सुपरचार्जरवालं, म्हणजे तसाच हवा कोंबणारा पंप लावलेलं, एसजे ३२० चं, असा कंपनीचा दावा होता. पण एसजेमध्ये नुसता सुपरचार्जर नव्हता वाढवला, आतले कनेक्टिंग रॉडसुद्धा जास्त मजबूत घातले होते. इंदूरच्या महाराजांच्या गाडीतली ही गोष्ट मला माझ्या गाडीसाठी नव्वद वर्षांनी उपयोगी पडली, याचा खरंच आनंद झाला.

बारा वाजून गेले.

मंगळवार

कारखान्यातून थेट पालद्याला उस्तादांच्या गॅरेजात गेले. गाडी सकाळीच त्यांच्याकडे सोडली होती. मी पीथमपूरला क्वालिटीत काम करते, दिवसभर गिअर मोजते. मोजल्याशिवाय पार्ट पुढे जाऊ द्यायचा नाही, ही पंधरा वर्षांची सवय. आणि घरच्या गाडीचं इंजिन बदलायला निघाले तेव्हा जुनं किती ताकद देतंय हे मोजलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

कॉम्प्रेशन पाहिलं. चारही सिलिंडरमध्ये बारा बारच्या वर, आणि चौघांत अर्ध्या बारपेक्षा जास्त फरक नाही. म्हणजे इंजिन आतून ठणठणीत. मग उस्तादांनी एअर फिल्टरचा डबा काढला, थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे जाणारी वायर दोन बोटांत धरून जराशी वाकवली आणि हात माझ्यासमोर केला. तळहातावर काळा भुगा. “दीदी, ये देखो. बिस्किट हो गया.”

तीस वर्षं इंजिनाच्या धगीत राहून वायरचं आवरण झडून गेलंय. आतल्या तारा एकमेकींना टेकतात, थ्रॉटल किती उघडलाय याचा चुकीचा निरोप ईसीयूला मिळतो आणि ती सावध होऊन थ्रॉटल पुरता उघडूच देत नाही. घाटात मी पाय तळाला टेकवला होता, पण तो निरोप इंजिनापर्यंत गेलाच नव्हता.

उस्ताद नवीन वायरिंग जुन्याच मापाने बांधून देणार आहेत, सिलिकॉनच्या आवरणाची. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलायला सांगितले. पंपावर आता ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि हे रबर इथेनॉलच्या आधीच्या जमान्यातलं आहे.

तरी सहा सिलिंडर डोक्यातून जात नव्हते, म्हणून जेवणानंतर कागदपत्रं काढून बसले. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर आहे, सिलिंडर चार आहेत, २१९९ सीसी आहे. गाडी पंधरा वर्षांपुढची, त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत उभी करावी लागते, आणि तिथे नंबर जुळवून बघतात. उद्या रस्त्यात कुणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने बॉनेट उघडून तिसरंच इंजिन पाहिलं, तर मी कोणत्या तोंडाने काय सांगणार? बाबांनी आयुष्यात एक सिग्नल तोडला नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कंपनीने १९९० मध्ये याच १२४ मध्ये पाच लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही ८ इंजिन बसवलं, ३२६ अश्वशक्तीचं, आणि तिला ५०० ई नाव दिलं. तेव्हा काय काय बदलावं लागलं ते आज नीट वाचलं. ब्रेक कंपनीच्याच एसएल या स्पोर्ट्स गाडीचे घेतले. चाकांवरचे फेंडर रुंद केले. पुढे जागा उरली नाही म्हणून बॅटरी डिकीत नेली. रुंद झालेली बॉडी नेहमीच्या लाइनवरून जाईना, म्हणून ती पोर्शेच्या कारखान्यात न्यायची, रंगाला परत आणायची, पुन्हा पोर्शेकडे पाठवायची. एकेका गाडीला अठरा दिवस लागायचे. ज्यांनी गाडी बनवली त्यांनासुद्धा इंजिन बदलणं म्हणजे सगळी गाडी बदलणं होतं. माझ्या साडेतीन लाखांत ब्रेक, क्लच, स्प्रिंगा, रेडिएटर, यातलं काहीच नव्हतं. ते धरले तर आकडा दुपटीच्या पुढे जातो.

मुंबईच्या माणसाकडून रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. हिशेब कळला होता, तरी नाही म्हणवेना.

रविवार, संध्याकाळ

पहाटे साडेपाचला एकटीच निघाले. राऊ, मानपूर, पुढचा घाट उतरून धामनोद. तिथे चहा पोहे, आणि परत.

चढ आधी लिहिते, कारण त्याच्यासाठीच गेले होते. तिसरा गिअर, डावीकडे ट्रकांची रांग, पाय दाबला. सुई ४००० कडे गेली आणि गाडी उचलली गेली. एक ट्रक, दुसरा, तिसरा, मग एक टँकर. चार सिलिंडरचा तो जरा खरखरीत आवाज मी विसरूनच गेले होते. बाबांच्या शेजारी बसून दर सुट्टीत ऐकलेला आवाज हाच. वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. रडले थोडी.

पण उतार आधी घडला होता. जाताना अर्ध्या घाटात पेडल मऊ पडलं, स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि करपल्याचा वास आला. गाडी दुसऱ्या गिअरवर आणून इंजिनाच्या जोरावर खाली नेली. इतके दिवस ती जोरात पळतच नव्हती, त्यामुळे ब्रेकना कधी एवढी मेहनत पडली नव्हती.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये महिनाभर वेगाच्याच गप्पा होत्या. तिथे ब्रेक तपासायचा वेगळा ट्रॅकही आहे, निसरड्या आणि घट्ट पकडीच्या पट्ट्यांचा. त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुपारी चाकं काढली आणि कारखान्यातून मागून आणलेल्या मायक्रोमीटरने पुढच्या डिस्क मोजल्या. दोन्ही किमान जाडीच्या खाली. उजवीकडचा ब्रेकचा रबरी पाइप बोटाने दाबला तर भेगा दिसल्या. १५० अश्वशक्ती थांबवायची तयारी नाही आणि मी २२० आणायला निघाले होते. मागे लेक बसणार होती.

मुंबईला फोन करून नको म्हटलं. तो भला माणूस, म्हणाला इंजिन काही पळून जात नाही, मन बदललं तर कळवा. फोटो अजून मोबाइलमधून काढलेले नाहीत. पुढच्या दोन डिस्क, पॅड, चारही रबरी पाइप, ब्रेक ऑइल आणि मागच्या सस्पेन्शनचे बुश, एवढं सामान उद्या मागवतेय.

आईला सगळं सांगितलं. घाट कसा चढले ते तिने दोनदा विचारलं. ब्रेकचं ऐकून काही बोलली नाही. मग उठून खिडकीपाशी गेली, आभाळ बघितलं आणि म्हणाली, “मृग लागेल आता. तो वायपर नीट चालतोय ना ग?”

यादीत वायपरचं रबर लिहिलं.