गल्ली सुटली! (मात्रावही, नोंद सातवी)

मंडळी, सुटली एकदाची. मात्रावही म्हणजे जुन्या कुंग-फू चित्रपटांतल्या मारामारीची लय मी जिच्यात उतरवतो ती वही, आणि तिच्यात तीन महिने उरावर बसलेली गल्ली परवा रात्री सव्वाबाराला सुटली. "आता एकच खटपट, नाहीतर वही रद्दीत" असं मागच्या नोंदीत मी तोंड वर करून लिहिलं होतं, ते शब्द मुकाट्याने गिळतो.

गल्ली म्हणजे 'मार्शल क्लब' (१९८१) या हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटातली शेवटची झुंज. गॉर्डन लिऊने रंगवलेला तरुण वाँग फेई-हुंग (हा खराखुरा होऊन गेलेला दक्षिण चीनचा उस्ताद) एका बाजूला, उत्तरेकडून आलेल्या उस्तादाच्या भूमिकेतला वांग लुंग-वेई दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मधे पुढे पुढे चिंचोळी होत जाणारी गल्ली. दिग्दर्शन आणि मारामारीची बांधणी दोन्ही लाऊ कार-लेउंगची. या माणसाचं घराणंच बघा ना: वडील लाऊ चाम हे लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग खुद्द वाँग फेई-हुंगचा. म्हणजे पडद्यावर जो पोरगा लढतोय तो दिग्दर्शकाच्या गुरुपरंपरेतला पणजोबा. आपल्याकडे एखाद्या गवयाने घराण्याच्या मूळपुरुषावर चित्रपट काढावा आणि त्यातल्या बंदिशीही स्वतःच बसवाव्यात, तसला प्रकार. म्हणून मात्रावहीत ही झुंज पूर्ण उतरवायचीच, असा हट्ट धरला होता.

आणि तिथेच अडकलो. माझी पद्धत साधी होती: आवाजाची पट्टी ऑडासिटी या आवाज तपासायच्या संगणकी प्रोग्रामात उघडायची, प्रत्येक फटक्याचा उंचवटा शोधायचा, दोन फटक्यांतलं अंतर सेकंदात लिहायचं, त्यावरून लय काढायची. लाऊ कार-लेउंगच्याच '३६ चेंबर' या चित्रपटातल्या तालमींना ही पद्धत छान चालली होती. तो लांब जड दांडा नुसत्या मनगटाने हलवून घंटेवर मारायचा प्रसंग आठवा, एक ठोका म्हणजे एक नोंद. गल्लीत मात्र दोन प्रती, दोन उत्तरं. एका प्रतीत जो टेक (सलग काढलेला तुकडा) शंभर सेकंदांचा, तो दुसरीत शहाण्णवचा.

पहिला चोर लवकर सापडला. माझी जुनी डीव्हीडी टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने काढलेला, पाल टीव्हीला हव्यात २५, म्हणून सगळा चित्रपट थोडा वेगात पळवतात. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत उरकतो आणि सूरही साधारण पाऊण सेमिटोन (सेमिटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) चढतो. मला तो सूर कानाला कधी कळला नव्हता, याची लाज वाटली. चार वर्षं तबल्याच्या क्लासला जाऊन पदरात फक्त तीनताल आणि दादरा का पडला, त्याचं उत्तर इथे असावं.

ठीक, २४ भागिले २५ चा हिशेब लावला. तरी जुळेना! एका प्रतीत फटके जास्त, दुसरीत कमी. दोन्ही हेडफोन लावून चार रात्री ऐकल्यावर कळलं की नव्या प्रतीत मारामारीचे आवाजच नव्याने चढवलेत. जिथे मूळ प्रतीत नुसती बाहीची फडफड आहे तिथे यात धडाम. आता गंमत अशी की मूळ आवाज तरी कुठे खरा? त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरण बहुधा आवाजाशिवाय व्हायचं. संवाद, पावलं, ढिशुम, सगळं मागाहून. म्हणजे मी तीन महिने जे मोजत होतो ते लाऊ कार-लेउंगचं काम नव्हतंच, डबिंगच्या खोलीत बसून काहीतरी आपटणाऱ्या एका अज्ञात कारागिराचं होतं. त्याला माझा मनापासून नमस्कार, पण मला त्याची वही लिहायची नव्हती.

मग आवाज सोडून चित्राकडे वळलो तर तिसरा चोर. कॅमेरा मुद्दाम हळू चालवायची जुनी युक्ती आपण सगळे जाणतो: २२ किंवा २० फ्रेमने काढायचं, २४ ने दाखवायचं, हात विजेसारखे चालतात. वाईट भाग असा की हे टेकागणिक बदलू शकतं. एका तुकड्यात २४, पुढच्यात २२. सेकंदात मोजलेल्या लयीला मग अर्थ काय राहिला?

इथे मी एक फार हुशारीची कल्पना काढली, आणि तिच्यावर तीन आठवडे घालवले, म्हणून ती सांगतोच. कॅमेरा फसवू शकतो, गुरुत्वाकर्षण नाही. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पेला पडला तर जमिनीवर यायला ०.३९ सेकंद लागतात. २४ फ्रेमने काढलं असेल तर ते ९.४ फ्रेम, २२ ने ८.६, २० ने ७.८. पडणारी वस्तू शोधा, फ्रेम मोजा, कॅमेऱ्याचा वेग हातात. वहीच्या कोपऱ्यात मी स्वतःला शाबासकीही लिहिली होती.

पण २४ आणि २२ मध्ये फरक एका फ्रेमपेक्षा कमी, आणि एका फ्रेमची चूक तर माझा डोळा जांभई देतानाच करतो. शिवाय गल्लीत कुणी पेले मांडून ठेवलेले नसतात. मग उड्या मोजू म्हटलं. अर्धा मीटर उंच उडी हवेत ०.६४ सेकंद राहते, म्हणजे २४ ने १५.३ फ्रेम, २२ ने १४.१. हा फरक तरी दिसतो. फक्त उडी अर्धा मीटरच होती हे कोण सांगणार? ती ४० सेंटिमीटरची निघाली तर २४ नेही १३.७ फ्रेमच येतात, म्हणजे २२ च्या आकड्याच्याही खाली. दहा सेंटिमीटरचा अंदाज चुकला की सगळं मुसळ केरात. वर झाडाआड छोटा ट्रॅम्पोलिन ठेवला असेल तर विचारूच नका. ते तीन आठवडे गेले.

आता परवाची रात्र. घरात मुलीचं दहावीचं वर्ष, त्यामुळे दहानंतर टीव्हीला तोंड उघडायची परवानगी नाही. हेडफोनचा एक कान आधीच गेलेला, त्या दिवशी दुसराही गेला. म्हणून निरुपायाने गल्ली मुकी लावली. आणि ढिशुम गेल्याबरोबर डोळे आपोआप खाली घसरले.

पाय!

अहो, दोघांचे पाय बहुतेक वेळ फ्रेममध्ये आहेत. शॉस्कोपची, म्हणजे शॉ स्टुडिओच्या रुंद पडद्याची चौकट, कॅमेरा मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस. मी इतके दिवस हात बघत होतो, कारण आवाज हातांना चिकटवलेला होता. पण बांधणी पायांची आहे. आधी पवित्रा बसतो, मग वार जातो. पवित्रा मोडला की देवाणघेवाण संपली. मंगळवार पेठेत लहानपणी दोन उन्हाळे लाठी शिकलो तेव्हा वस्ताद काठीकडे बघूच द्यायचे नाहीत. "काठी खोटं बोलती, पाय बोलत न्हाई," म्हणायचे. चाळीस वर्षांनी कळलं, तेही हेडफोन मेल्यावर.

आणि पाय धरल्यावर दुसरी गाठ आपोआप सैल झाली. सेकंद हवेत कशाला? तीनताल विलंबित वाजवा नाहीतर द्रुत, मात्रा सोळाच. एक पाऊल टेकणं ही एक मात्रा धरली की पालची घाई, कॅमेऱ्याची लबाडी, दोन्ही गळून पडतात, कारण एका टेकच्या आत सगळंच सारख्या प्रमाणात पळतं. पाऊल आणि वार यांचं नातं कुठल्याही वेगात तेच राहतं. वहीचं नाव पहिल्या दिवसापासून 'मात्रावही' ठेवलंय आणि आत सेकंद लिहीत बसलो होतो. हसा खुशाल.

नवी खूणलिपी मर्दानी खेळातून उचलली आहे, कारण आपल्याकडे शब्द तयार असताना उसने का आणा? 'प' पवित्रा, 'वा' वार, 'अ' अडव, 'हू' हूल, आणि रिकाम्या मात्रेला तबल्यातल्या 'खाली'ची नेहमीची खूण. हंग गार या वाँग फेई-हुंगच्या दक्षिणी शैलीचा तो घोड्यावर मांड टाकल्यासारखा पक्का पवित्रा, सेई पिंग मा, त्याला 'प'खाली रेघ. दोन रात्रींत अडीच पानं झाली.

पानं वाचताना जे दिसलं त्याने मात्र मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गल्ली रुंद आहे तोवर रेघवाले 'प' ऐसपैस बसतात आणि उत्तरेच्या उस्तादाच्या लाथेलाही घेर मिळतो. गल्ली आवळली की रेघा कमी होतात. मांड पसरायला जागाच नाही, लाथ फिरवायला तर त्याहून नाही. मग वार आखूड होतात, कोपर आणि तळवा कामाला लागतात, भिंतीच आधार होतात. म्हणजे भिंती निव्वळ नेपथ्य नाहीत. दिग्दर्शकाने दोघांच्या पायाखालची जमीन थोडी थोडी काढून घेतली आणि विचारलं, आता तुमच्या शास्त्रातलं काय उरतं ते दाखवा. लाऊ कार-लेउंग २०१३ मध्ये गेले, नाहीतर या माणसाला एक पत्र लिहिलं असतं. आणि एवढं होऊन शेवटी प्रेत नाही. समोरच्याची विद्या ओळखून हात थांबतात. सूड उगवून पडदा पाडण्याच्या त्या जमान्यात हे फार विरळा.

मला नेहमी विचारतात (घरातूनच जास्त) की या जुन्या, ठिगळं लावलेल्या, ओठ एकीकडे आवाज दुसरीकडे अशा चित्रपटांत तुला काय दिसतं. आता उत्तर आहे: पाय दिसतात. आजकालच्या मारामारीत दर सेकंदाला कात्री चालते, कॅमेरा छातीला चिकटलेला असतो, आणि कोण कुठे उभं आहे हे संकलकालाच ठाऊक. तिथे पवित्रा लिहायला गेलात तर पान कोरं राहील.

हत्यारांबद्दल दोन शब्द. फ्रेम-फ्रेम चालायला एमपीव्ही (mpv) हा व्हिडिओ प्लेयर वापरा. पूर्णविरामाची कळ एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची एक फ्रेम मागे, बाकी काही लक्षात ठेवायला नको. आधी मी वापरत होतो त्या प्लेयरमध्ये मागे जायची सोयच नव्हती, एक फ्रेम हुकली की दहा सेकंद मागून पुन्हा. ऑडासिटी उत्तम आहे, गाढवपणा माझा होता. आणि ४:३, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाच्या प्रती कृपा करून कुणी घेऊ नका. मी एका दुकानदाराच्या "फुल स्क्रीन आहे साहेब, पट्ट्या येत नाहीत" या बोलण्याला भुलून व्हीसीडी घेतली होती. दोन्ही बाजू कापलेल्या. हाणणारा दिसतो, खाणारा बाहेर. एका जागी तर दोघेही बाहेर आणि मधली भिंत तेवढी दिसते. अर्थात भिंतीचं महत्त्व मी आताच सांगितलंय, पण इतकंही नाही.

पुढचा बेत आधीच ठरला होता: लाऊ कार-लेउंगचाच 'एट डायग्राम पोल फायटर' (१९८४), शवपेट्यांवरची ती काठ्यांची झुंज. लाठीचे शब्द आयते हाताशी असल्याने सोपं जाईल असं वाटत होतं. पण हे लिहिता लिहिताच शंका आली. माझी लिपी आत्ता फक्त तिथेच तपासली जाईल जिथे ती चालणार हे मला माहीत आहे. म्हणजे गुरुजींनी प्रश्नपत्रिका स्वतःच फोडल्यासारखं. मग दुसरा दिग्दर्शक, किंग हू, याचा 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) घेऊ का? खानावळीत बसलेली नायिका चेंग पेई-पेई, भोवती जमत चाललेले गुंड, आणि बराच वेळ कुणीच काही करत नाही. तिथे भरलेल्या मात्रांपेक्षा 'खाली' जास्त. त्यात किंग हूची लय पेकिंग ऑपेराच्या तालवाद्यांवर पोसलेली. रिकाम्या जागा लिहिता आल्या तर लिपी खरी.

थांबा, त्याहून नेमकं सुचलं. 'डर्टी हो' (१९७९). पुन्हा लाऊ कार-लेउंग, पुन्हा गॉर्डन लिऊ, आणि तो मद्य चाखण्याचा प्रसंग! वरवर पाहुणचार, पेले पुढे होतायत, हसतमुखाने तारीफ चाललीय, आणि सगळा मारा त्या सौजन्याच्या आडून. तिथे लढतो आहोत हे दोघांनीही कबूल करायचं नाही. मग पवित्रा कुठे शोधायचा? बसलेल्या माणसाची मात्रा कुठून धरायची, कंबरेतून? मला वाटतं 'प'ला आणखी एक खूण लागेल, लपवलेल्या पवित्र्यासाठी. 'प'वर चंद्रबिंदू कसा वाटतो?

तेव्हा काठ्या राहू देत, शनिवारी रात्री पेले. मुलीचा गणिताचा पेपर सोमवारी आहे, म्हणजे मुकंच बघायचं. नवे हेडफोन अजून घेतलेले नाहीत, आणि एवढ्यात घेणारही नाही.