तुम्ही विचारलंत म्हणून: ताऱ्यातलं लोखंड आणि ताऱ्याची चुळबुळ

ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे रंगारंगांत उलगडलेला त्यांचा प्रकाश, वाचणं हे माझं रोजचं काम आहे असं कळलं की समोरचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. ज्या ताऱ्याचा कणभर नमुनाही कधी कुणाच्या हाती लागणार नाही, त्यात लोखंड किती आहे हे तुम्ही एवढं छातीठोकपणे कसं सांगता? त्यातला एखादा चिकित्सक असतो, तो पुढे विचारतो: आणि तो तारा स्वतःच आकसत-फुगत असेल तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मंअधिक शाळेच्या पुस्तकातही सापडेल. दुसऱ्याशी मात्र खरी झटापट आहे, आणि माझ्या मते दुसरा सोडवल्याशिवाय पहिला सुटत नाही.

स्वाती घ्या. नुसत्या डोळ्यांना नारिंगी दिसणारा, ३७ प्रकाशवर्षांवरचा हा राक्षसी (म्हणजे म्हातारपणी फुगलेला) तारा सूर्याच्या सुमारे २५ पट रुंद आहे, पण लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे सौम्य का होईना, हा अल्पधातू तारा झाला. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्याच मूलद्रव्यांना धातू म्हणायची पद्धत आहे, कार्बन आणि ऑक्सिजनलासुद्धा. रसायनशास्त्राच्या मंडळींना ते रुचत नाही, पण आता ते अंगवळणी पडलंय.) त्याच भूतप तारकासमूहात एचडी १२२५६३ नावाचा दुसरा एक राक्षसी तारा आहे (एचडी, आणि पुढे येणारी सीएस व एचई, ही ताऱ्यांच्या याद्यांची नावं). तो ६.२ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे द्विनेत्रीतून आरामात दिसणारा. त्याच्यात लोखंड सूर्याच्या चारशेव्या-पाचशेव्या हिश्शाइतकंच आहे.

दोघांचे वर्णपट एकाखाली एक ठेवले की सांगण्यासारखं फारसं उरत नाही. हिरव्या भागात ५१६.७, ५१७.३ आणि ५१८.४ नॅनोमीटरवर मॅग्नेशियमच्या तीन ठसठशीत रेषा असतात. स्वातीच्या वर्णपटात त्या तिघींच्या आजूबाजूला लोखंड, टायटॅनियम, क्रोमियम यांच्या रेषांची अशी दाटी असते की रेषांविना मोकळी पातळी कुठली धरायची यावरच वाद व्हावा. निळ्या टोकाकडे तर मोकळी जागा शोधून सापडत नाही. एचडी १२२५६३ मध्ये त्याच तीन रेषा उभ्या आहेत, पण भोवताली पटांगण मोकळं. अधूनमधून लोखंडाच्या बारीक खाचा, बस्स.

या रेषा म्हणजे ताऱ्याच्या बाहेरच्या थरातल्या अणूंनी गिळलेला प्रकाश. प्रत्येक मूलद्रव्य ठरलेल्याच तरंगलांबी गिळतं, त्यामुळे कोण आहे ते लगेच कळतं. किती आहे, हे रेषेच्या खोलीवरून काढायचं, पण ती खोली तापमानावरही अवलंबून असते आणि पृष्ठावरच्या गुरुत्वाकर्षणावरही. सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हेच दाखवून दिलं: ताऱ्यांच्या वर्णपटांतला फरक मुख्यतः तापमानाचा असतो, आणि तो हिशेबातून वजा केला की तारे बहुतांशी हायड्रोजनचे निघतात. मग सगळ्या ताऱ्यांची घडण सारखीच, असं बरीच वर्षं धरून चालले. १९५१ मध्ये चेंबरलेन आणि अॅलर या दोघांनी एचडी १९४४५ आणि एचडी १४०२८३ हे दोन तारे नीट तपासले. रेषा पुसट म्हणून ते जास्त तापलेले असावेत असं तोवर मानलं जात होतं. प्रत्यक्षात ते तितके तापलेले नव्हते, त्यांच्यात धातूच कमी होते. हा सगळा विषय तिथून सुरू झाला.

राक्षसी तारेच का निवडता, असंही विचारतात. कारण व्यावहारिक आहे. आकाशगंगेतले सर्वांत जुने तारे बहुतेक तिच्या तबकडीभोवतालच्या विरळ वलयात, दूरच्या प्रभामंडळात आहेत. तिथला सूर्याएवढा तारा इतका मंद दिसतो की मोठ्या दुर्बिणीलाही त्याच्या प्रकाशाची बारीक चिरफाड परवडत नाही. राक्षसी तारा शेकडो पट तेजस्वी असतो. शिवाय त्याचं वातावरण थंड आणि विरळ, म्हणून दुर्मिळ मूलद्रव्यांच्या पुसट रेषाही त्यात उठून दिसतात. त्यांचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.८ पट असतं. एवढे हलके तारेच बारा-तेरा अब्ज वर्षं टिकतात. वजनदार होते ते कधीच संपले.

पण मोठेपणाची किंमत मोजावी लागते. तारा फुगून राक्षसी झाला की त्याचा बाहेरचा थर आतपर्यंत ढवळला जातो आणि गाभ्याजवळ शिजलेला माल वर येतो. लिथियम जवळजवळ नाहीसं होतं, कार्बन घटतो, नायट्रोजन वाढतो. तेव्हा या तीन मूलद्रव्यांवरून ताऱ्याच्या जन्माबद्दल बोलायचं तर जपून. लोखंड, मॅग्नेशियम, युरोपियम यांना हे ढवळणं शिवत नाही. ती ज्या वायूतून तारा जन्मला त्यातून आली तशीच राहतात, आणि आमची सगळी भिस्त त्यांच्यावर.

या भिस्तीवर काय काय उभं राहतं, त्याचा माझा सर्वांत आवडता दाखला तिमिंगल तारकासमूहातला आहे. सीएस ३१०८२-००१ या राक्षसी ताऱ्यात लोखंड सूर्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, पण अतिजड मूलद्रव्यं मात्र त्या मानाने भरपूर. २००१ मध्ये रोझे कायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात ३८५.९ नॅनोमीटरवर युरेनियमची रेषा सापडली. ही रेषा लोखंडाच्या एका ठळक रेषेच्या उतारावर बसलेली आहे. लोखंड थोडं जास्त असतं तर ती त्यात बुडाली असती. कार्बन जास्त असता तर त्याच्या आणि नायट्रोजनच्या रेणूने तिला झाकलं असतं. या ताऱ्यात दोन्ही कमी, म्हणून ती उघडी पडली. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं, थोरियमचं १४ अब्ज. दोघांचं आजचं गुणोत्तर आणि सुरुवातीचं अपेक्षित गुणोत्तर यांच्यावरून वय निघालं १२.५ अब्ज वर्षं, तीन अब्ज इकडेतिकडे. ती तफावत मोठी आहे, मान्य. पण एका ताऱ्याचं वय त्याच्या आतल्याच घड्याळावरून वाचलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आता चुळबुळ. एकही राक्षसी तारा पुरता स्वस्थ नसतो. स्वातीचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग काही दिवसांच्या अंतराने सेकंदाला शंभरेक मीटरनी खालीवर होतो. पृष्ठभाग उचंबळतो आणि बसतो. तेजातला फरक इतका किरकोळ की डोळ्यांना कधीच कळणार नाही. राक्षसी शाखेच्या टोकाला, म्हणजे या फुगण्याच्या शेवटाला पोचलेल्या अल्पधातू ताऱ्यांत ही हालचाल सेकंदाला किलोमीटरच्या घरात जाते. लोखंड मोजण्यापुरतं म्हटलं तर ती चालून जाते, कारण सगळ्या रेषा मिळूनच सरकतात. खरी पंचाईत होते ती सोबती, म्हणजे जोडीचा तारा शोधताना, कारण त्याच्या ओढीनेही वेग असाच खालीवर होतो.

सोबत्याचं महत्त्व असं: काही अल्पधातू राक्षसी ताऱ्यांत कार्बन आणि बेरियम अवाच्या सवा सापडतं. एवढं बेरियम त्यांनी स्वतः बनवलेलं असणं शक्य नाही, बेरियम बनतं ती अवस्था अजून त्यांच्या वाट्याला आलेलीच नसते. मग वर्षानुवर्षं वेग मोजत बसलं की बहुतेकांच्या बाबतीत कळतं की तारा एकटा नाही. शेजारी एके काळी एक म्हातारा राक्षसी तारा होता, त्याने आपला शिजलेला माल याच्या अंगावर ओतला आणि तो आता श्वेतबटू होऊन गप्प पडलाय. म्हणजे हे बेरियम उसनं. वेगातला बदल मोजला नसता तर ते जन्मजात ठरवून आपण आरंभीच्या आकाशगंगेबद्दल भलतंच काही सांगून बसलो असतो.

पण वेग बदलला की सोबती आहेच, असंही म्हणता येत नाही. एचडी किंवा सीएस नव्हे, एचई या यादीतला १५२३-०९०१ हा तारा पाहा. हाही युरेनियम दाखवणारा, अतिजड मूलद्रव्यांनी श्रीमंत राक्षसी तारा. त्याचा वेग सुमारे ३०३ दिवसांच्या आवर्तनाने सेकंदाला जेमतेम एक तृतीयांश किलोमीटर इकडेतिकडे होतो. एवढी लहान हालचाल पृष्ठभागाच्या उचंबळण्यानेही होऊ शकते. आवर्तन वर्षानुवर्षं नियमित राहिलं म्हणून सोबती मानला गेला, आणि कक्षा आपल्याला जवळजवळ समोरून, थाळी वरून पाहावी तशी, दिसत असल्यामुळे वेग एवढा कमी भासतो, असं धरलं गेलं. अशा ठिकाणी मी एका वर्णपटावर कधीच विसंबत नाही. वीस वर्षांत घेतलेले दहा वर्णपट एका रात्रीच्या शंभरांपेक्षा मला मोलाचे वाटतात.

उघडपणे स्पंदन पावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आर आर लायरी जातीचे रूपविकारी (तेज बदलत राहणारे) तारे हेही म्हातारे, बहुतेक अल्पधातू, राक्षसी अवस्थेच्या पुढच्या टप्प्यावरचे. ज्याच्यावरून जातीला नाव पडलं तो तारा विल्यामिना फ्लेमिंग यांना सापडला. तो साडेतेरा तासांत एकदा फुगतो-आकसतो आणि ७.१ पासून ८.१ प्रतीपर्यंत खालीवर होतो. एका आवर्तनात तापमान हजार-दीड हजार अंशांनी बदलतं. तेज चढत असताना वर येणारा वायू खाली पडणाऱ्या वायूवर आदळतो, रेषा रुंदावतात, दुभंगतातसुद्धा. त्या घटकेचा वर्णपट घेऊन लोखंड काढायला गेलात तर आकडा काहीही येईल. म्हणून तारा पुरता फुगून क्षणभर थबकतो तेव्हाचा, थोड्याच मिनिटांचा वर्णपट घ्यायचा. मग वेगवेगळ्या शांत घटकांना तपासायचं. तापमान निराळं, रेषांची खोली निराळी, तरी लोखंडाचा आकडा तोच यायला हवा. तो येतो. आमच्या पद्धतीची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

घडणीचाही चुळबुळीवर परिणाम होतो. ऊस्टरहॉफ यांनी १९३९ मध्ये पाहिलं की बंदिस्त तारकागुच्छांतल्या (दाटीने एकत्र बांधलेल्या ताऱ्यांच्या गोळ्यांतल्या) या आर आर लायरी ताऱ्यांची सरासरी आवर्तनं दोन गटांत पडतात, सुमारे ०.५५ दिवस आणि सुमारे ०.६५ दिवस. लांब आवर्तनाचे गुच्छ धातूंनी जास्त गरीब, हे पुढे उमगलं. मीरासारखे शेकडो दिवसांचे, प्रचंड फरकाचे रूपविकारी तारेही ४७ टुकानीसारख्या त्यातल्या त्यात धातूंनी सधन गुच्छांत सापडतात, अगदी गरीब गुच्छांत नाही.

यावर ठरलेला उपप्रश्न येतो: मग अजिबात धातू नसलेला, पहिल्या पिढीचा तारा सापडला का? नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या एसएमएसएस ०३१३-६७०८ या ताऱ्यात लोखंडाची एकही रेषा दिसली नाही, म्हणजे असलंच तर सूर्याच्या एक कोटीव्या हिश्शाहून कमी. पण कार्बन, मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यात आहेत. तेव्हा त्याच्या आधी कुणीतरी जळून गेलेलं आहे.

आणि हे सगळं स्वतः पाहायला काय लागतं, असं विचारणाऱ्यांसाठी: वर्णपटाला उपकरण लागतं, पण आर आर लायरीसाठी द्विनेत्री पुरते. अभिजित आणि हंसाचा पंख यांच्या मध्ये तो आहे. जवळच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी ताडून दर अर्ध्या तासाला त्याची प्रत लिहून ठेवा. चढ जेमतेम अडीच तासांचा असतो, उतार बराच सावकाश. पहिल्या रात्री चढ हुकला तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मिळेल, कारण आवर्तन साडेतेरा तासांचं असल्याने रोज त्याच वेळी तो निराळ्याच टप्प्यावर असतो.